ठोक्यांमधलं अंतर : कापूस वेचणीपासून नवतप्यापर्यंत एचआरव्ही मापनाच्या नोंदी

२७ ऑक्टोबर

गाव वर्धा जिल्ह्यातलं, कोरडवाहू आणि ओलिताची वावरं दोन्ही असलेलं. मापन एचआरव्हीचं, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचं; कुणी कधी काम कमी करायचं हे त्यावरून ठरवता यावं म्हणून. माणसं नऊ, क१ ते क९. छातीवर बांधायचे सेन्सर दोन (पोलर एच १०), कापडी पट्टे मात्र नऊ, ज्याचा त्याचा. पडताळणीसाठी एडी ८२३२ (ईसीजीची चिप) आणि ईएसपी ३२ (छोटा संगणक-बोर्ड) यांवर घरी जोडलेला एक ईसीजी. सकाळच्या मापनाला दोन सेन्सर नऊ घरी फिरवायला साधारण दीड तास लागतो, म्हणून घरांचा क्रम कायम ठेवला. क१ ची वेळ पहाटे पाचची, तर ती रोज पाचचीच.

नाडी मिनिटाला ६० असली तरी ठोके घड्याळाच्या काट्यासारखे बरोबर एकेका सेकंदाला पडत नाहीत. श्वास आत घेताना दोन ठोक्यांमधलं अंतर कमी होतं, सोडताना वाढतं. कार्ल लुडविगनं हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. ही जलद चढउतार मुख्यतः हृदयाचा वेग मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या ताब्यात असते, आणि आपल्याला तीच मापायची आहे. त्यासाठी एकच आकडा धरला : आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ. साधारणपणे तो जास्त तर शरीर विसावलेलं, घसरला तर थकवा किंवा ताण.

अनेक ॲपांत दिसणारं एलएफ-एचएफ गुणोत्तर (संथ आणि जलद चढउतारीचं) मुद्दाम सोडलं. १९९६ च्या युरोप-अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांच्या टास्क फोर्सनं ठरवलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार एचएफ ०.१५ हर्ट्झला सुरू होतं, म्हणजे मिनिटाला ९ श्वासांना. ज्याचा श्वास त्याहून संथ, त्याची श्वासाची लाट सरळ एलएफमध्ये जाऊन पडते आणि निवांत बसलेल्या माणसाला ॲप 'ताण जास्त' असं सांगतं. असा आकडा गावात नेऊन कुणाला दाखवण्यात अर्थ नाही.

घेतले नाहीत ते : पेसमेकर असलेले, ॲट्रियल फिब्रिलेशन असलेले, आणि बीटा ब्लॉकर या नाडी मंदावणाऱ्या गोळीचा डोस नुकताच बदललेले. फिब्रिलेशनमध्ये ठोके मुळातच अनियमित पडतात. त्यामुळे आरएमएसएसडी भरमसाट वाढतो आणि प्रकृती उत्तम असल्याचा आभास होतो.

२९ ऑक्टोबर

सॉफ्टवेअरवर विसंबण्याआधी हिशेब एकदा हातानं करून पाहिला. अंतरं मिलिसेकंदात : ८१२, ८४५, ७९०, ८३०, ८६८. फरक : ३३, उणे ५५, ४०, ३८. वर्ग : १०८९, ३०२५, १६००, १४४४. बेरीज ७१५८, भागिले ४ म्हणजे १७८९.५, वर्गमूळ ४२.३.

आता यातला एकच ठोका सेन्सरनं गाळला असं समजा. ८३० आणि ८६८ मिळून १६९८ चं एक अंतर झालं. फरक ३३, उणे ५५, ९०८. आरएमएसएसडी थेट ५२५. पाच अंतरांत हे होतं. दोन मिनिटांच्या दीडशे ठोक्यांत असा एक गाळला गेला तर आकडा पाचशेवर जात नाही, पण शंभरापलीकडे सहज जातो, आणि पडद्यावर तो खराही वाटू शकतो. पुढच्या सगळ्या नोंदींत स्वच्छतेवर इतका जोर आहे तो यामुळेच.

२ नोव्हेंबर

एच १० चा डेटा ब्लूटूथच्या प्रमाणित हार्ट रेट सेवेतून येतो. पॅकेटचा पहिला बाइट म्हणजे खुणा. शून्याव्या बिटवर नाडी ८ बिटांत आहे की १६ बिटांत ते कळतं, तिसऱ्यावर ऊर्जेचा आकडा आहे का ते, आणि चौथ्यावर ठोक्यांची अंतरं आहेत का ते. हे न तपासता ठरावीक जागेवरून बाइट उचलले तर कधी बरोबर येतं, कधी कचरा.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. अंतर मिलिसेकंदात नसून सेकंदाच्या १०२४ व्या भागात येतं. १००० नं गुणून १०२४ नं भागायला विसरलं तर सगळे आकडे २.४ टक्क्यांनी फुगतात. इतक्यानं कुणाला शंका येत नाही. पण अर्धा डेटा एका ॲपमधून आणि अर्धा स्वतःच्या प्रोग्राममधून आला की पायाभूत पट्टीत (माणसाच्या नेहमीच्या आकड्यांच्या पल्ल्यात) न दिसणारी पायरी पडते.

एका पॅकेटमध्ये दोन अंतरंही असू शकतात, किंवा एकही नसू शकतं. 'एक पॅकेट, एक ठोका' असं धरायचं नाही.

६ नोव्हेंबर

एडी ८२३२ ची जोडणी. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच, ५ नाही. आउटपुट ईएसपी ३२ च्या जीपीआयओ पिन ३४ वर, इलेक्ट्रोड सुटल्याचं कळवणाऱ्या तारांपैकी एलओ प्लस ३२ वर, एलओ मायनस ३३ वर. आउटपुट आधी २५ वर लावलं होतं. वायफाय चालू केलं की वाचन बंद, कारण ती पिन एडीसी-२ ची (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या दुसऱ्या भागाची) आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ वापरता येत नाही. ३४ ही एडीसी-१ ची पिन आहे.

नमुने सेकंदाला २५०, म्हणजे ४ मिलिसेकंदाला एक. एवढं पुरतं का? ठोक्याची वेळ ठरवण्यात जास्तीत जास्त २ मिलिसेकंद मागेपुढे होतं. हिशेब केला तर या त्रुटीनं खरा ४० चा आरएमएसएसडी ४०.१ दिसतो आणि १० चा १०.४. चालेल. हाच हिशेब सेकंदाला १०० नमुन्यांवर केला तर १० चा १२.२ होतो. म्हाताऱ्या किंवा मधुमेही माणसाचा मूळ आकडाच लहान असतो, त्यामुळे स्वस्त बोटसेन्सर नेमका तिथेच फसवतो. शिखराभोवतीच्या तीन नमुन्यांतून पॅराबोला काढून खरं शिखर शोधलं की ही त्रुटी बरीच आटोक्यात येते.

नमुने घेणं आणि मेमरी कार्डावर लिहिणं एकाच लूपमध्ये ठेवू नये. कार्ड मधूनच काही दहा मिलिसेकंद अडून बसतं, कधी त्याहून जास्त, आणि तेवढे नमुने गेले की पुढचे सगळे ठोके अलीकडे सरकतात. नमुने टायमरवर, लिखाण वेगळ्या टास्कमध्ये, मधे बफर. लाईट गेली की वेळ पुसली जाऊ नये म्हणून डीएस ३२३१ घड्याळ जोडलं.

इलेक्ट्रोड अंगावर असताना चार्जर किंवा चार्जिंगला लावलेला लॅपटॉप जोडायचा नाही. फक्त १८६५० सेल. हे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण टाळण्यासाठी तर आहेच, पण त्याआधी जिवासाठी आहे. गावातल्या अर्ध्या घरांत अर्थिंग कागदावरच असतं.

११ नोव्हेंबर

मापनाची पद्धत कायम केली. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं. चहा नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) नाही, तोंड धुणं चालेल. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर किंवा पाटावर, पाय जमिनीला टेकलेले. बाजेवर नको, बाजेची नवार सैल असली की कंबर खाली जाते, पोट दाबलं जातं आणि श्वास वर चढतो. पहिलं एक मिनिट स्थिरावण्याचं, ते मोजायचं नाही. पुढची दोन मिनिटं नोंदीची. श्वास नेहमीसारखा. बोलणं, खोकणं, आवंढा गिळणं टाळायचं.

झोपून का नाही? रोज कष्टाचं काम करणाऱ्यांची निजलेली नाडी पन्नाशीच्या आसपास येऊ शकते. अशा वेळी व्हेगसचा प्रभाव इतका दाटलेला असतो की चढउतार उलट कमी दिसते आणि तंदुरुस्त माणूस थकलेला ठरतो. बसल्यावर ही अडचण बरीच कमी होते. निवड कुठलीही करा, नंतर बदलू नका.

आकड्यासोबत तीनच खुणा लिहायच्या : झोप किती तास, काल काम जड की हलकं, आणि अंगाचं कसं आहे (१ ते ५, १ म्हणजे सर्वांत वाईट). सुरुवातीला नऊ रकान्यांचा तक्ता होता. चार दिवसांत तो कोणी भरेना.

१९ नोव्हेंबर

पट्ट्याच्या तक्रारी. क३ आणि क७ चे आकडे उड्या मारत होते. कारण खोबरेल तेल. थंडी सुरू झाली की आंघोळीनंतर अंगाला तेल चोळतात, रात्री चोळलेलं सकाळपर्यंत कातडीवर राहतं, आणि तेलाच्या थराखाली इलेक्ट्रोडला नीट संपर्क मिळत नाही. छातीखालचा चार बोटं रुंद पट्टा ओल्या फडक्यानं आणि थोड्या साबणानं पुसून घेतला की उड्या थांबल्या.

इलेक्ट्रोडची जागा पाण्यानं ओली करूनच पट्टा बांधायचा, नुसत्या कोरड्या पट्ट्यावर पहिलं मिनिट वाया जातं. पट्टा झाल्यावर धुवायचा, नाहीतर घामाचं मीठ सुकून कापड कडक होतं. सेन्सर पट्ट्यापासून काढून ठेवायचा. ओल्या पट्ट्याला लटकलेला राहिला तर तो चालूच राहतो आणि सीआर २०२५ सेल उगाच उतरतो.

बायांचे पट्टे बायांनीच बांधायचे आणि मापन घरात, ओसरीत नाही. क५ च्या आकड्यांत पहिल्या आठवड्यात नाडी सतत वर होती. जागा बदलल्यावर खाली आली.

१ डिसेंबर

गाळणी. पहिली गाळणी सोपी होती : मागच्या ठोक्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक असला की अंतर बाद. ती चुकीची ठरली. क९ वय २२, पोलीस भरतीसाठी रोज धावणारा. त्याचं अंतर एका श्वासात ७८० वरून १०१० पर्यंत जातं, म्हणजे २९ टक्के, आणि ते खरं आहे. गाळणी त्याचा निरोगीपणाच गाळत होती. आता प्रत्येक अंतराची तुलना आजूबाजूच्या ११ अंतरांच्या मध्यकाशी, मर्यादा ३० टक्के, आणि बाद झालेलं प्रत्येक अंतर डोळ्यांनी पाहायचं.

डोळ्यांनी पाहताना ओळखायचे दोन नमुने. अंतर जवळपास दुप्पट, तर ठोका गाळला गेला. आधी आखूड आणि लगेच लांब, दोन्ही मिळून साधारण दोन नेहमीच्या अंतरांइतके, तर तो बहुधा एक्टोपिक म्हणजे वेळेआधी पडलेला ठोका. तो सेन्सरचा दोष नाही, हृदयाचाच आहे. अधूनमधून असे ठोके कित्येक निरोगी माणसांत पडतात. हिशेबात ते धरायचे नाहीत. बाद अंतरांच्या दोन्ही बाजूंचे फरकही धरायचे नाहीत, हे विसरलं जातं. एकूण ५ टक्क्यांहून जास्त अंतरं बाद झाली तर त्या दिवसाची नोंद रिकामी.

क६ ला रोजच असे ठोके दिसतात. घरच्या ईसीजीवरही तेच. एका लीडवरून निदान करायचं नसतं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा लीडचा ईसीजी काढायला सांगितलं आणि या मापनातून नाव काढलं.

१४ डिसेंबर

पायाभूत पट्टी. आरएमएसएसडीचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, कारण मूळ आकडे वरच्या बाजूला ताणलेले असतात. क२ चं उदाहरण : लॉगची सरासरी ३.६०, प्रमाण विचलन ०.१६. पट्टी सरासरीच्या दोन्ही बाजूंना अर्धं विचलन, म्हणजे ३.५२ ते ३.६८. उलट फिरवलं की ३३.८ ते ३९.६ मिलिसेकंद.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ही पट्टी सात दिवसांच्या सरकत्या सरासरीसाठी आहे, एका दिवसाच्या आकड्यासाठी नाही. रोजचे आकडे सामान्य वितरणात पडत असतील तर काहीही न बिघडता दहापैकी सहा दिवस ते या पट्टीबाहेर असणारच. रोजचा आकडा पाहून वावरात जायचं की नाही हे ठरवणारा माणूस जवळपास नाणं उडवत असतो. ठरलेला नियम : सात दिवसांची सरासरी तीन दिवस सलग पट्टीखाली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वर, आणि अंगाचं १ किंवा २. तिन्ही जुळले तरच काम कमी करायचं.

आठवड्यात निदान चार स्वच्छ नोंदी हव्यात, नाहीतर त्या आठवड्याची सरासरी काढायची नाही. आणि क२ चे ३६ आणि क९ चे ९० यांची तुलना करायची नाही. पारावर ती लगेच झाली, अर्थात. वय, वंश, तंदुरुस्ती यांवर मूळ आकडा ठरतो. माणसाची तुलना त्याच्याच कालपरवाशी.

२८ डिसेंबर

गहू आणि चन्याचं ओलित. कृषिपंपाची लाईट पाळीनं येते, एका पाळीत रात्रीच. क१, क२, क४ रात्रभर वावरात आणि मग सकाळी झोपतात. त्यांचं दुपारी उठल्यावर घेतलेलं मापन पहाटेच्या मापनाशी जुळत नाही, आणि त्याचं कारण नुसता थकवा नाही. व्हेगसचा जोर रात्री वाढतो आणि दिवसा ओसरतो, हे शरीराच्या घड्याळावर चालतं. म्हणून रात्रपाळीच्या नोंदींना 'ओ' खूण आणि त्यांची पट्टी वेगळी. जागलीला जाणाऱ्यांचंही तसंच. रानडुकरांपायी मचाणावर काढलेली रात्र म्हणजे तुटक झोप, भले तास सहा लिहिलेले असोत.

इथे सल्ल्यापेक्षा पंपाचा स्टार्टर जास्त कामाचा. ठिबक असलेल्या वावरात मोबाईल स्टार्टर बसवला तर रात्री उठून जायची गरज उरत नाही. तुषार असेल तर पाइप हलवायला जावंच लागतं, पण दोन भावांनी एकाआड एक रात्र वाटून घेतली तरी लागोपाठची जागरणं तुटतात. क१ आणि क४ नी तसं ठरवलं आहे.

पहाटेच्या थंडीत अंग कापत असलं की स्नायूंचा गोंगाट ईसीजीवर चढतो. मापनाआधी शेकोटी नको, उष्णतेनं नाडी बदलते. घोंगडी पुरे.

९ जानेवारी

संथ श्वासाचा सराव, पाच जणांना. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, मिनिटाला ६ श्वास, रोज १० मिनिटं, संध्याकाळी. या गतीला श्वासाची लाट आणि रक्तदाब सावरणाऱ्या बॅरोरिफ्लेक्सची सुमारे ०.१ हर्ट्झची लाट एकमेकींवर बसतात आणि ठोक्यांची चढउतार सर्वांत मोठी होते. नेमकी गती माणसागणिक थोडी वेगळी : ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ या गतींवर प्रत्येकी दोन मिनिटं घेऊन जिथे नाडीची वरखाली सर्वांत जास्त, ती निवडली. उंच माणसांना सहसा संथ गती जुळते. ताल धरायला ईएसपी ३२ वर एक एलईडी हळूहळू उजळणारा आणि मावळणारा ठेवला, मोबाईल हातात दिला की माणूस संदेश वाचायला लागतो.

बिघडतं ते असं : संथ म्हणजे खोल असं समजून लोक छाती फुगवून श्वास घेतात. कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. 'पोटभर नाही, अर्ध्या पोटाचा श्वास' असं सांगितल्यावर जमलं. आणि सरावादरम्यानचा आकडा कधीही पट्टीत लिहायचा नाही. तो फुगलेला असणारच, तो श्वासाचा आहे, तब्येतीचा नाही. क७ नं सकाळच्या मापनातही संथ श्वास सुरू केला होता, म्हणून तिचे पाच दिवस बाद.

२४ जानेवारी

खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना. निकोटिननं नाडी वाढते आणि आरएमएसएसडी घसरतो. मापनाआधी एक तास तरी अंतर हवं, आणि सकाळी पहिला खर्रा मापनानंतर. क४ ला विचारलं तर, 'भाऊ, थो तं तोंडातच हाय, खाल्ला कुठं?' गालात ठेवलेला खर्राही निकोटिन सोडतच असतो, तेव्हा तोंडही पाहायचं.

मोहाची किंवा दुसरी दारू रात्री झाली तर सकाळी नाडी वर, आरएमएसएसडी खाली. नोंद बाद करायची नाही, 'द' खूण करायची. तो परिणाम खराच आहे.

१५ फेब्रुवारी

ज्या गोष्टीसाठी हे साधन वापरायचं नाही ती लिहून ठेवतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवतात. त्यामुळे व्हेगसचा परिणाम वाढून नाडी मंद होऊ शकते, आणि अशा वेळी आरएमएसएसडी चांगलासुद्धा दिसू शकतो. २०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले होते. फवारणीनंतर लाळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर, बाहुल्या बारीक, उलटी किंवा धाप, यातलं काहीही दिसलं की कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. पट्टा बांधत बसायचं नाही.

छातीत दुखणं आणि चक्कर येऊन पडणं यांनाही हाच नियम.

१९ मार्च

पाच महिन्यांत कशानं पट्टी हलली? क२ च्या सात दिवसांच्या सरासरीतली ओढाताण, रात्रीचं ओलित संपल्यापासून कमी झाली. संथ श्वासाचा सराव चालू असलेल्या पाचांपैकी दोघांची सकाळची पट्टी वर सरकली, तिघांची जागेवरच. त्या दोघांची जागरणंही त्याच काळात थांबली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं हे सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम ओलिताच्या वेळापत्रकापुढे टिकला नाही.

८ मे

उन्हाळा. पारा ४४-४५ च्या पुढे, रात्रीही घर तापलेलं. पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान घटतं, नाडी वाढते, आरएमएसएसडी उतरतो. सगळ्यांचीच सरासरी हिवाळ्याच्या पट्टीखाली गेली आहे. एकाच वेळी सगळे आजारी पडत नाहीत, हे ऋतूचं आहे. म्हणून मागच्या ६० दिवसांची सरकती पट्टी घेतली आणि हिवाळ्याची जुनी बाजूला ठेवली. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, त्या काळातल्या घसरणीवर निर्णय घेतले नाहीत.

मापन पहाटे साडेचारपासून, गच्चीवर झोपणाऱ्यांचं गच्चीवरच. कूलर बंद करूनच घरचा ईसीजी लावायचा, मोटर जवळ असली की ५० हर्ट्झ चढतो. घामानं पट्टा खाली सरकतो, तो थोडा घट्ट करावा लागतो. बोटसेन्सर मात्र आता उत्तम चालतो. हिवाळ्यात गार बोटांत त्याला लाटच सापडत नव्हती, उन्हाळ्यात बोटातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात.

२६ मे

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) कालपासून. क८ (वय ५८, रोजगार हमीच्या कामावर) ची सरासरी तिसऱ्या दिवशी पट्टीखाली, नाडी नेहमीपेक्षा ९ नं वर, अंगाचं २. तिन्ही जुळले. काम सकाळी सहा ते दहा एवढंच, एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, दुपारी सावली. मीठ जास्त घालून स्वतः बनवलेलं पाणी नको, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गोळीबद्दल केंद्रातल्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

३१ मे

क८ ची नाडी पूर्ववत, सरासरी अजून पट्टीच्या खालच्या कडेला. सरकत्या सरासरीत मागचे वाईट दिवस आठवडाभर राहतात, तेव्हा ४ जूनपर्यंत काम तसंच कमी.

दोन पट्ट्यांचे इलेक्ट्रोड भेगाळले, मृगाआधी बदलायचे. पेरणीच्या घाईत सकाळचा दीड तास मिळणार नाही : घरांचे दोन गट, एकाआड एक दिवस. आठवड्याला चार नोंदींची अट त्यानं तुटते, म्हणून जून-जुलैत सरासरी सातऐवजी चौदा दिवसांची.